रमण्यापासून रकान्यापर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे इतिहास शिकवला. शिकवण्याबरोबर प्राध्यापकाच्या गळ्यात आणखी दोन-चार कामे पडतात. माझ्या वाट्याला शिष्यवृत्ती समिती आली होती. काम तसे कारकुनी. पावसाळ्यात ऑफिसच्या खिडकीसमोर ओल्या छत्र्यांची रांग लागायची आणि उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक असे सगळे तपासून मी अर्जावर सही करायचो. त्या कामात काही इतिहास आहे असे मला कधी वाटले नव्हते.

२००९ च्या पावसाळ्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा आईला घेऊन आला. आई म्हणाली, "सर, याला तोंडी काहीही विचारा, सगळं सांगतो. लिहायला बसला की अडतो." मी सहज म्हणून पानिपताबद्दल विचारले. पोरगा दहा मिनिटे बोलला. कोण कुठे उभा होता, रसद कुठे तुटली, सगळे नीट. मग वर्गातल्या चाचणीचा पेपर पाहिला. एकच शब्द तीन ओळींत तीन प्रकारांनी लिहिलेला, वेलांट्या भलत्याच अक्षरावर, आकडे उलटे.

त्याच्याकडे मुंबईच्या एका रुग्णालयाचे प्रमाणपत्र होते: अध्ययन अक्षमता. त्यावर त्याला दहावी-बारावीला जादा वेळ मिळाला होता. आईचे म्हणणे असे, की बोर्डाने मानले तर अपंगांची शिष्यवृत्तीही मिळायला हवी. घरची कमाई बेताची, शिकवण्यांना आणि तपासण्यांना पैसा गेलेला. आमच्या क्लार्कने अर्ज पुढे ओढला. हा माणूस अडवणारा नव्हता, उलट वाट काढणारा होता. त्याने अपंगत्वाच्या प्रकारांची यादी वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली आणि म्हणाला, "सर, याला बसवू कुठं? मतिमंदवर खूण करू का? तेवढं एक जवळचं आहे."

आई ताडकन उठली. "माझा मुलगा मतिमंद नाही," एवढेच म्हणाली आणि कागद गोळा करून निघून गेली.

नाशिककरांना हा फरक खरे म्हणजे समजावून सांगायला नको. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये इथे प्रबोधिनी उभी केली आणि बौद्धिक वाढ कमी असलेल्या मुलांसाठी शाळा म्हणजे काय हे या गावाने जवळून पाहिले. अध्ययन अक्षमता ही वेगळी गोष्ट. इथे बुद्धी चांगली असते, कधी कधी सरासरीहून जास्त असते. अडते ते अक्षर, शब्द किंवा आकडा यांच्याशी जुळवून घेताना. वाचनातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातली डिसग्राफिया, गणितातली डिसकॅल्क्युलिया. आणि गंमत म्हणजे २००९ मध्ये हे सगळ्यांना माहीत होते! 'तारे जमीं पर' येऊन दीड वर्ष झाले होते. आमचा क्लार्कही म्हणाला, "त्या पिक्चरमधल्या पोरासारखं ना?" प्रेक्षागृहात डोळे पुसलेल्या माणसांच्या देशात अर्जावर मात त्या पोराला रकाना नव्हता.

तो का नव्हता, हे शोधता शोधता मी शिष्यवृत्ती या गोष्टीच्याच इतिहासात शिरलो.

आपल्याकडे विद्येसाठी सरकारी पैसा देण्याची ठळक परंपरा म्हणजे पेशवाईतली दक्षिणा. खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. श्रावणात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मण जमत, शास्त्री त्यांची परीक्षा घेत आणि विद्वत्तेप्रमाणे दक्षिणा मिळे. रमण्याचे दार एकाच जातीला उघडे होते, हे आधी सांगितले पाहिजे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी एक गोष्ट महत्त्वाची. तिथली परीक्षा मुख्यतः तोंडी होती. ज्याला मुखोद्गत, तो विद्वान.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही, तिला कात्री लावली. तिच्यातल्या काही रकमेवर १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज केला, की हा पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही द्या, मग तो कोणत्याही जातीचा असो. मोठा वाद झाला, पण पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली. त्यानंतर कॉलेजांतल्या दक्षिणा फेलोशिप आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रानडे जन्मले आपल्या निफाडला, १८४२ मध्ये, आणि मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली १८५९ मध्ये, तिच्यात ते उत्तीर्ण झाले.

जातीची भिंत हलली, ही या बदलातली मोठी बाजू. तिचे श्रेय कोणी काढून घेऊ नये. पण त्याच तीस-चाळीस वर्षांत आणखी एक गोष्ट घडली, ती आपण इतिहासवाल्यांनी फारशी नोंदवली नाही. विद्या मोजण्याचे माप जिभेवरून कागदावर आले. ठरावीक तासांत, ठरावीक कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिशील तेवढेच तुझे ज्ञान. शिष्यवृत्ती त्या कागदाला बांधली गेली, ती कायमची. ज्याची अडचण कागदाशीच आहे, तो मुलगा त्या दिवसापासून वजाबाकीत गेला.

ही अडचण वैद्यकाला दिसली तीही लेखी शाळा सर्वत्र झाल्यावरच. 'डिस्लेक्सिया' हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रूडॉल्फ बर्लिन याने १८८० च्या दशकात वापरला, पण तो मोठ्या माणसांच्या मेंदूविकारासंबंधात. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. हुशार, खेळात पुढे, पण स्वतःचे नावसुद्धा अक्षरे उलटीपालटी करून लिहिणारा. त्याच्या मास्तरांचे मत असे, की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत पुढे असता! हे वाचले तेव्हा मला आमच्या खिडकीसमोरची ती आई आठवली. तिने वेगळे काय सांगितले होते? 'लर्निंग डिसॅबिलिटी' हे नाव आणखी बऱ्याच वर्षांनी, १९६३ मध्ये, शिकागोत पालकांच्या एका सभेत सॅम्युअल कर्क यांनी मांडले.

मराठी लिपी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे आपल्या मुलांना हा त्रास नसावा, असा एक समज आहे. तो खरा नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चार 'क'चा आधी करायचा. 'सूर्य' मध्ये रफार दिसतो 'य'च्या डोक्यावर आणि बोलायचा 'य'च्या आधी. जोडाक्षरांचे तर विचारूच नका. डोळा आणि कान यांचा मेळ बसण्यात ज्याला अडचण, त्याची इथे दमछाक होते. पुढे कॉलेजात कॉमर्स इंग्रजीतून घेतले तर ती दुप्पट. तरी भारतीय भाषांसाठी बेतलेली डाली ही चाचणी मराठीसह उपलब्ध व्हायला २०१५ साल उजाडले.

पुन्हा शिष्यवृत्तीकडे येतो. या क्षेत्रात दिल्या हाताने नाव कमावलेला राजा आपल्याच जिल्ह्यातला. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ काशीराव गायकवाड १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. त्या वेळी तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. हे अध्ययन अक्षमतेचे उदाहरण नव्हे, गैरसमज नको. खेड्यातल्या पोराला कोणी शिकवलेच नव्हते. शिक्षक मिळाले, वेळ मिळाला, आणि तो शिकला. पुढे १९१३ मध्ये याच सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तीच व्यक्ती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. दरम्यान १९२० मध्ये शाहू महाराज नाशिकला येऊन उदोजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसवून गेले होते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ईबीसी सवलत आली.

म्हणजे हुशारीच्या दाराशेजारी आपण दुसरे दार पाडले, जन्माने किंवा गरिबीने मागे राहिलेल्यांसाठी. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे ते दार आहे. पण आमचा २००९ चा मुलगा दोन्ही दारांबाहेर उभा. गुण कमी, म्हणून हुशारीच्या यादीत नाही. वडिलांना छोटी नोकरी, उत्पन्न मर्यादेच्या थोडे वर, म्हणून गरिबीच्या यादीत नाही. उरले तिसरे दार, अपंगत्वाचे.

ते दार १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने बांधले. त्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. उच्च शिक्षणात तीन टक्के जागा राखीव झाल्या. अध्ययन अक्षमता यादीत नव्हती. योगायोग पाहा, त्या कायद्यानंतर लगेचच, १९९६ मध्ये, महाराष्ट्र सरकारने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित आणि एक कार्यानुभवाचा विषय. राष्ट्रीय मंडळांच्याही आधी आपल्या राज्याने हे केले. त्याच वर्षी मुंबईत पालकांनी आणि तज्ज्ञांनी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन केली. मागणी घरांतून वर गेली होती.

सवलत मिळाली ती परीक्षागृहात. पैशाच्या खिडकीवर नाही. आणि सवलत मिळवायलाच पैसा लागत होता! प्रमाणपत्रांचा भार सुरुवातीच्या काळात मुंबईतल्या मोजक्या महापालिका रुग्णालयांवर होता. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातले अध्ययन अक्षमता केंद्र त्यांतले प्रमुख. नाशिकच्या पालकांनी पहाटे पंचवटी एक्सप्रेस पकडायची, तपासणीच्या एकेका टप्प्यासाठी पुन्हा पुन्हा जायचे, त्या दिवसाचा पगार बुडवायचा. ज्यांना हे जमले नाही त्यांची मुले 'ढ' राहिली आणि आठवी-नववीत शाळेतून गळली. कॉलेजच्या खिडकीपर्यंत ती आलीच नाहीत, म्हणून आमच्या कोणत्याच रजिस्टरात त्यांची नोंद नाही.

एक प्रकरण सांगतो, ते ऐकून मी काही काळ हसलो आणि मग गप्प झालो. बँका कर्जदारांकडून व्याजकर वसूल करत, तेव्हा दर वरच्या पाव टक्क्यापर्यंत पूर्ण करून घेत. पैशापैशाने जमलेली ही जादा रक्कम कोट्यवधींची झाली. कर्जदार लाखो, परत कोणाकोणाला करणार? एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा पैसा अपंग व्यक्तींच्या कल्याणासाठी निधीत टाकायला सांगितला. पुढे त्यातून कॉलेजच्या अपंग विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. फार सुंदर निर्णय. पण निधी १९९५ च्या कायद्याला जोडलेला. ज्याला आकड्यांचा हिशेब जुळत नाही, त्या डिसकॅल्क्युलियाच्या मुलाला, हिशेबातल्या या जादा पैशातूनही काही मिळण्याची सोय नव्हती.

हे बदलले डिसेंबर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातचे एकवीस प्रकार झाले आणि त्यांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आली. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा, वयात पाच वर्षांची सूट, आणि योग्य प्रकरणी शिष्यवृत्ती द्यावी असे कलमच. केंद्राची अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंतची दिव्यांगांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती २०१४-१५ पासून होतीच, तिचे दार आता या मुलांना उघडले. १८९६ च्या पर्सीपासून मोजले तर एकशेवीस वर्षे.

दार उघडले, पण उंबरठा उंच. पहिली अट चाळीस टक्क्यांची. पाय किती वाकतो हे मोजता येते, पण वाचता न येणे टक्क्यांत कसे मोजायचे? वैद्यकीय प्रवेशाच्या २०१९ च्या नियमांत तर तळटीपच होती, की या अक्षमतेची तीव्रता मोजायला माप उपलब्ध नाही, म्हणून चाळीसची सीमा मनाने ठरवलेली आहे. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे राज्यभरच्या डॉक्टरकीच्या परीक्षा असतात, तेव्हा ही तळटीप आपल्याला परकी नाही. लेखनिकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये चाळीसची अट मानायला नकार दिला, आणि २०२२ मध्ये केंद्राने तशी नियमावली काढली. त्याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हक्काचा जादा तास नाकारला गेला होता. फेरपरीक्षा न्यायालयाने दिली नाही, पण झालेला अन्याय दुरुस्त करा असे यंत्रणेला बजावले. शिष्यवृत्तीला मात्र चाळीसची रेघ तशीच राहिली.

दुसरी अट वर्षाची. एखाद्या वर्गात पुन्हा बसावे लागले तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती नाही. इतर मुलांच्या बाबतीत हा नियम मी समजू शकतो. पण जिला तीन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत पेलतो, तिची मदत नेमकी जिथे ती अडली तिथेच थांबते. याला शिस्त म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदान आठव्या वर्षी, फेरतपासणी चौदाव्या आणि मग अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षाचे प्रमाणपत्र मात्र कायमचे. आता हिशेब करा. मुलगी अकरावीला येते सोळाव्या वर्षी, अठरा पूर्ण होतात ते ऐन बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे प्रवेश, परीक्षा आणि अर्ज यांच्या गर्दीत. आणि अर्ज? तो ऑनलाइन. आधारवरचे नाव, गुणपत्रिकेवरचे नाव, बँकेतले नाव, तिन्हींचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. स्पेलिंग जुळत नाही म्हणून मिळणारी मदत, स्पेलिंग जुळले तरच मिळते. असो.

गेल्या वर्षी माझ्या घरी एक चाळिशीकडे झुकलेला माणूस आला. ओझरच्या बाजूला फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे म्हणाला. मी ओळखले नाही, तेव्हा म्हणाला, "पानिपत, सर." बी.कॉम. त्याने दुसऱ्या वर्षी सोडले होते. हिशेब बायको पाहते, मापे तो स्वतः घेतो, आकडे आधी मोठ्याने म्हणतो आणि मग लिहितो. बरोबर पुतणी होती, बारावी झालेली. हे घराण्यात चालते, तसे हिचेही निघाले होते. तिचे चौदाव्या वर्षाचे प्रमाणपत्र त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढले.

"सर, आता आमचा रकाना आहे म्हणतात. खरं का?"

मी संगणकावर यादी उघडून दिली. मी बोट दाखवणार होतो, पण त्याने हात करून थांबवले. वरून एकेक शब्द ओठांत पुटपुटत तो खाली आला. वेळ लागला. सापडल्यावर त्याने पुतणीला ते दोनदा वाचून दाखवले. मग विचारले, "हिला अठरा कधी पूर्ण झाले माहिताय का? मागच्या मंगळवारी. म्हणजे तपासणी परत करायची ना?"

करायची, मी म्हणालो. सरकारी रुग्णालयात कोणत्या दिवशी जायचे, कोणते कागद न्यायचे, हे मी सांगत गेलो आणि पुतणीने ते मोबाइलवर माझ्याच आवाजात टिपून घेतले.